जंगल राखून कुणाला काय मिळतं? राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निसर्गशिबिरं, शाळांमधली व्याख्यानं आणि रविवारच्या जंगलफेऱ्या झाल्या की लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न महाराष्ट्रातल्या जंगलांबद्दलचे आहेत, म्हणून उदाहरणंही इथलीच घेतली. ‘फायदा किती?’ असं कुणी विचारलं की आम्ही लगेच ‘कुणाचा?’ असं विचारतो. काहींना ते खटकतं, पण त्याशिवाय हिशेब अर्धा राहतो.

१. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प… शेवटी सगळं जंगलच ना?

जंगल तेच, पण कायदा वेगळा लागतो. कुणाला आत काय करता येईल हे कायद्यावर ठरतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला मनाई आहे. अभयारण्यात चराई नियम घालून चालू ठेवता येते आणि लोकांचे काही जुने हक्कही टिकू शकतात. व्याघ्र प्रकल्प ही या दोन्हींच्या वरची चौकट आहे. आतला गाभा म्हणजे कोअर, भोवतीचा पट्टा म्हणजे बफर, आणि बफरमध्ये गावं, शेती, रस्ते सगळं असतं.

ताडोबाचं पाहा. १९५५ साली झालेलं राष्ट्रीय उद्यान जेमतेम ११६ चौरस किलोमीटरचं. त्याला लागून १९८६चं अंधारी अभयारण्य. बफर धरून आजचा व्याघ्र प्रकल्प मात्र १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानंही सहा आणि व्याघ्र प्रकल्पही सहा, त्यामुळे परीक्षा देणारी मुलं हमखास घोटाळा करतात. बोरिवलीचं उद्यान व्याघ्र प्रकल्प नाही, आणि बोर व्याघ्र प्रकल्पात राष्ट्रीय उद्यान नाही.

२. तिकिटांतून सरकारला बक्कळ पैसा मिळत असेल ना?

ताडोबासारखी दोन-चार नावं सोडली तर नाही. राज्यातली बहुतेक अभयारण्यं अशी आहेत की तिथल्या फाटकावर दिवसभरात चार गाड्याही येत नाहीत. वनरक्षकांचे पगार, पाणवठे, जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे), गस्त हा खर्च तिकिटांतून भागत नाही.

ज्या व्याघ्र प्रकल्पांत गर्दी होते, तिथला प्रवेशशुल्काचा पैसा व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे जातो. अशी प्रतिष्ठानं कायद्यानेच स्थापन होतात, म्हणजे पैसा राज्याच्या तिजोरीत जाऊन हरवण्याऐवजी त्याच जंगलावर आणि आसपासच्या गावांवर खर्च व्हावा. तरीही जंगलाची खरी मिळकत फाटकावर मोजता येत नाही. ती पाण्यात, मातीत आणि टळलेल्या नुकसानीत असते (प्रश्न ३ आणि ५).

३. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून मुंबईला नेमकं काय मिळतं?

पहिलं उत्तर ‘पाणी’ असं येतं. ते खरं आहे, पण जपून सांगायला हवं. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत. विहार १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली. त्या काळच्या मुंबईला नळाचं पाणी मिळालं ते विहारमुळेच. आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यात विहारचा वाटा २७,६९८ आणि तुळशीचा ८,०४६, दोन्ही मिळून अडीच टक्क्यांच्या आत. ‘मुंबई बोरिवलीच्या जंगलाचं पाणी पिते’ हे वाक्य म्हणून छान वाटतं, पण ते फार थोडं खरं आहे. मुंबईचं पाणी मुख्यतः शहापूर, इगतपुरी, मोखाडा या भागांतल्या डोंगरांवरून येतं. एकटा तानसा तलाव एकूण साठवणीच्या दहा टक्के आहे आणि तो तानसा अभयारण्यात आहे. म्हणून तानसाचं जंगल वणव्यात जळतं तेव्हा ती दादर-अंधेरीचीही बातमी असायला हवी. ती तशी कधी छापून येत नाही.

बोरिवलीच्या जंगलाचं मोठं काम पावसाळ्यात असतं. दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्या याच टेकड्यांतून निघतात. मिठी विहार आणि पवईच्या सांडव्यांतून सुरू होते. डोंगरउतारावर झाडोरा आणि पालापाचोळा असला की पाणी थबकत, मुरत खाली येतं. तोच उतार सिमेंटचा केला तर ते एका दमात खालच्या वस्तीत शिरतं. याला मर्यादा आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढं पाणी कुठलंच जंगल पोटात घेऊ शकत नाही. पण शहरात पाणी तुंबवणारे पाऊस दरवर्षी होतात आणि त्यांतले बरेच याहून पुष्कळ लहान असतात. तिथे उताराचा फरक पडतो.

तिसरी मिळकत माणसांची. सकाळी फिरायला येणारे पासधारक, सुटीच्या दिवशी सायकली भाड्याने घेणारी पोरं, महाशिवरात्रीला कान्हेरीला लोटणारी गर्दी. ज्या शहरात क्लबचं सदस्यत्व घ्यायला लाखो रुपये लागतात, तिथे थोडक्या पैशांत दिवसभर झाडाखाली बसता येणं ही मोठी गोष्ट आहे. आमच्या मते उद्यानाचा सर्वांत कमी लेखला गेलेला फायदा हाच. कान्हेरीच्या शंभराहून जास्त लेण्यांमध्ये भिक्षूंनी कोरलेल्या पाणपोढी, म्हणजे पाण्याची टाकी, आजही भरतात. या डोंगरावरचं पाणी अडवायचं असतं हे तेव्हाच्या माणसांना कळलेलं होतं.

चौथा फायदा कुणी मोजत नाही, पण तो रोखीत वसूल होतो. बोरिवली, मुलुंड, घोडबंदर रस्ता इथल्या घरांच्या जाहिराती पाहा. खिडकीतून जंगल दिसतं म्हणून जास्त दर लावला जातो. जंगल सांभाळतं वनखातं, त्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेत पाड्यांवरचे वारली आणि मल्हार कोळी, आणि त्या दृश्याचे पैसे जातात बिल्डरच्या खिशात.

४. हे उद्यान म्हणजे मुंबईचं फुप्फुस, ते आपल्याला ऑक्सिजन पुरवतं. बरोबर ना?

नाही. जुनं, स्थिरावलेलं जंगल जेवढा ऑक्सिजन सोडतं, जवळपास तेवढाच तिथल्या झाडांच्या दिवसरात्रीच्या श्वसनात आणि पालापाचोळा कुजताना वापरला जातो. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे आणि तो संपत आलेला नाही. झाडं हवेसाठी दुसरी कामं करतात. पानांवर धूळ बसते, सावली आणि बाष्पामुळे आसपासचं तापमान उतरतं, लाकडात आणि मातीत कार्बन साठून राहतो. एप्रिलच्या दुपारी हमरस्त्यावरून उद्यानाच्या फाटकातून आत शिरलात की फरक अंगाला जाणवतो. शाळेच्या फलकांवरून ‘ऑक्सिजन’ पुसून ‘सावली आणि पाणी’ लिहिलं तर बरं होईल.

५. ‘या जंगलाची किंमत वर्षाला इतके हजार कोटी’ असे आकडे येतात कुठून?

आपल्याकडचे बहुतेक आकडे भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणासाठी केलेल्या अभ्यासांतले असतात. २०१५च्या पहिल्या अभ्यासात कॉर्बेट, कान्हा, काझीरंगा, पेरियार, रणथंबोर आणि सुंदरबन असे सहा व्याघ्र प्रकल्प घेतले. त्यांचे वार्षिक फायदे ८३० कोटींपासून १,७६० कोटींपर्यंत निघाले. २०१९च्या दुसऱ्या अभ्यासात मेळघाटासह दहा प्रकल्प होते, आणि तिथे आकडे ५,०९५ कोटींपासून १६,२०२ कोटींपर्यंत गेले.

चार वर्षांत जंगलं इतकी मौल्यवान झाली का? नाही. प्रकल्प वेगळे होते आणि मोजणीत काय धरायचं हेही बदललं. अशा हिशेबात रोजगार, चारा, मासळी यांसारख्या बाजारभाव असलेल्या गोष्टी थोड्या असतात. पाणी धरून ठेवणं, माती वाहून जाऊ न देणं, कार्बन साठवणं, पिकांच्या रानटी भावंडांचा जनुकसाठा टिकवणं अशा बाजारभाव नसलेल्या गोष्टी फार. त्यांची किंमत ‘हे काम माणसाला करावं लागलं असतं तर किती खर्च आला असता’ अशा पद्धतीने काढतात. त्यामुळे गृहीतक थोडं हललं की आकडा पुष्कळ हलतो.

म्हणून हे आकडे वाचताना बेरीज सोडून द्या आणि तिच्यातले तुकडे पाहा. कोयनेचं उदाहरण घ्या. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होतो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाभोवतीचं जंगल गाळ अडवतं, आणि त्या पाण्यावर १,९६० मेगावॉटची वीजनिर्मिती उभी आहे. किती कोटी हे ठरवता आलं नाही तरी गाळ भरला तर कुणाचं काय बुडेल हे नावानिशी सांगता येतं.

६. किंमत ठरलीच आहे, तर तेवढे पैसे भरून जमीन प्रकल्पाला घेता येईल?

पैसे भरावे लागतात हे खरं. वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर तिचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ (जंगल गेल्याने पुढे बुडणाऱ्या फायद्यांची आजची किंमत) भरावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हे दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे मान्य केले आणि अभयारण्यासाठी पाचपट, राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट रक्कम ठरवली. २०२२ साली मूळ दर वाढवण्यात आले.

पण हे शुल्क आहे, विक्रीची किंमत नव्हे. पैसे भरले म्हणून परवानगी मिळत नाही. संरक्षित क्षेत्रासाठी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाकडे जावं लागतं. कधी कधी जंगलाची किंमत वेगळ्याच रूपात मोजली जाते. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता बोरिवलीच्या उद्यानाखालून बोगद्याने नेला जातोय. जमिनीवरून रस्ता नेण्यापेक्षा बोगद्याला जो जास्तीचा पैसा लागतो, तेवढी तरी जंगलाची किंमत शहराने मान्य केली असं म्हणायला हरकत नाही.

७. इथली झाडं तोडली आणि दुसरीकडे तेवढीच लावली, तर हिशेब जुळला ना?

झाडांच्या संख्येचा जुळला. पाणी, नदीचा उगम, बिबट्याची वाट, पाड्यावरच्या बाईचं सरपण यांचा नाही, कारण ते सगळं जागेला बांधलेलं असतं. बोरिवलीची टेकडी गेली आणि दूरच्या एखाद्या जिल्ह्यात रोपं लागली, तर पोयसर नदीला त्याचा काय उपयोग? शिवाय रोपवन आणि जंगल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सागाच्या ओळी म्हणजे जंगल नव्हे. माळरानावर झाडं लावणं तर अनेकदा नुकसानीचं ठरतं (प्रश्न १२).

८. सफारीचा पैसा गावात राहतो का?

काही राहतो. सफारीची जिप्सी, तिचा चालक आणि सोबतचा गाईड बहुतांशी आसपासच्या गावांतले असतात, आणि गाईड घेणं सक्तीचं आहे. मोहर्ली, कोलारा या फाटकांजवळच्या गावांत यामुळे घरं उभी राहिली, मुलं शिकली. होमस्टे, खानावळी, दुकानं आली. २०१५ साली राज्याने जन-वन विकास योजना आणली. तिच्यातून गावातल्या परिस्थितिकीय विकास समित्यांमार्फत गॅस, शेताचं कुंपण अशा गोष्टींना मदत मिळते.

पण एका सफारीच्या सहलीत पर्यटक जे पैसे खर्च करतो, त्यातला मोठा भाग खोलीभाड्याचा असतो. मोठी रिसॉर्टं बाहेरच्यांची, भाजीपाला नागपूरचा, आणि गावातल्यांना मिळतात बाग झाडण्याची आणि भांडी घासण्याची कामं. सगळीकडे असंच असतं असं नाही, पण असं पुष्कळ दिसतं.

दुसरी विषमता फाटकांची आहे. ज्या गावाजवळ फाटक, तिथे रोजगार. त्याच जंगलाच्या दुसऱ्या टोकाला, फाटकापासून लांब असलेल्या गावाला रानडुकरं तेवढी मिळतात. सर्वांत वाईट स्थिती ब्रह्मपुरी वनविभागातल्या गावांची. तिथे वाघ आहेत, हल्ले होतात, पण तो प्रदेश व्याघ्र प्रकल्प नाही. म्हणजे तिथल्या लोकांच्या वाट्याला वाघ पुरेपूर येतो आणि वाघाचा पैसा जवळपास येतच नाही. ताडोबात वाढलेले वाघ बाहेर पडून जातात कुठे, याचं उत्तर हीच गावं आहेत.

९. जंगल राखीव झालं की सरपण, मोहफुलं, तेंदूपत्ता बंद. त्या नुकसानीचा हिशेब कोण करतं?

सरकारी पातळीवर नीट कुणीच नाही. पूर्व विदर्भात उन्हाळ्यात हाताला काम नसतं, तेव्हा मोहफुलं आणि तेंदूपत्ता हाच वर्षातला रोख पैसा असतो. पहाटे मोहफुलं वेचायला वाकलेली बाई वाघाला माणूस म्हणून ओळखू येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात हल्ल्यांच्या बातम्या या हंगामात वाढतात त्यामागचं एक कारण हे. प्रश्न ५ मधल्या हजारो कोटींच्या रकान्यांतून हा खर्च वजा केलेला आम्हाला दिसलेला नाही.

कायद्यात वाट आहे. २००६चा वनहक्क कायदा अभयारण्यांना आणि राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतो, म्हणजे हक्क आपोआप संपत नाहीत. दावा दाखल करावा लागतो, आणि तिथेच घोडं अडतं.

१०. वाघाने गाय मारली किंवा माणूस दगावला, तर भरपाई किती आणि कशी मिळते?

महाराष्ट्रात वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावल्यास २०२३ पासून वारसांना २५ लाख रुपये मिळतात. त्यातली काही रक्कम लगेच, उरलेली मुदत ठेवीत. जनावर दगावल्यास बाजारभावाच्या प्रमाणात, ठरलेल्या कमाल मर्यादेत मदत मिळते. पीकनुकसानीसाठी वेगळे दर आहेत.

व्यवहारातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. जनावर मेलं तर ते जागेवरून हलवू नका आणि वनरक्षकाला ताबडतोब कळवा, कारण पंचनामा झाल्याशिवाय पुढे काही होत नाही. पिकाचंही तसंच, उरलेलं पीक कापून टाकण्याआधी पंचनामा. खरी तक्रार दरांपेक्षा दिरंगाईची असते. दोन एकर धान रानडुकरांनी लोळवलं, तर त्या शेतकऱ्याला पुढच्या पेरणीआधी पैसे हवे असतात.

११. गावं उठवल्याशिवाय जंगल वाचत नाही का? सक्तीने उठवता येतं का?

सक्तीने नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमधून पुनर्वसन करायचं तर ते ऐच्छिक हवं आणि ग्रामसभेची संमती हवी. कुटुंबाला मिळणारी रक्कम १० लाख होती, ती २०२१ साली १५ लाख झाली. रोख घेऊन मोकळं व्हायचं की वनखात्याकडून पूर्ण पुनर्वसन घ्यायचं, असे पर्याय असतात.

ताडोबातून बोटेझरी, कोळसा, नवेगाव अशी गावं बाहेर आली. नवेगावच्या जागी गवत वाढलं आणि तिथे आता चितळांचे कळप आणि त्यांच्यामागे वाघ दिसतात. जंगलाच्या दृष्टीने हे यश आहे. मेळघाटात उलटही घडलं. जानेवारी २०१९मध्ये पुनर्वसित गावांतले काही लोक, सोयी मिळाल्या नाहीत म्हणून, जुन्या गावांकडे परत गेले आणि वनकर्मचाऱ्यांशी त्यांचा संघर्ष झाला. १५ लाख ही रक्कम मोठी वाटते ती एकरकमी असल्यामुळे. बाहेर जमीन घ्यायला गेल्यावर ती किती लहान आहे ते कळतं.

१२. माझी शेती अभयारण्यात येते असं तलाठी म्हणतात. जमीन विकता येईल का?

आधी एवढं शोधा की जमीन अभयारण्यात आहे की पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात, म्हणजे उद्यान-अभयारण्याभोवतीच्या नियंत्रित पट्ट्यात. दोन्हींत फार अंतर आहे.

अभयारण्याची प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर त्या जमिनीवर वारसा सोडून नवे हक्क निर्माण करता येत नाहीत. हक्कांची चौकशी पूर्ण होईपर्यंत व्यवहार अडकतात. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे सोलापूर-नगरचं माळढोक अभयारण्य. १९७९ साली ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरवर जाहीर झालं. त्यात खासगी शेती, गावं, बाजारपेठा सगळं आलं. लोक वैतागले, माळढोक पक्षी शेतकऱ्यांच्या मनातून उतरला. पुढे क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर पक्षी जवळपास संपला होता. नकाशावर मोठी रेघ ओढली म्हणजे मोठं संरक्षण झालं असं नसतं. या गवताळ माळाला ‘पडीक’ समजून त्यावर झाडं लावली गेली हे आणखी एक दुखणं.

पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात मात्र शेती करता येते, जमीन विकता येते. खाणी आणि प्रदूषण करणारे उद्योग बंद असतात, बांधकामावर नियंत्रण असतं. नेमकं काय चालेल हे प्रत्येक उद्यानाच्या अधिसूचनेत दिलेलं असतं, बोरिवलीच्या उद्यानासाठी ती २०१६ सालची आहे. गट क्रमांक घेऊन विभागीय वन कार्यालयात लेखी विचारा. दलालाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

१३. बिबट्यांचा शहराला काही फायदा असू शकतो का, की नुसती भीतीच?

बोरिवलीच्या उद्यानात आणि लगत पन्नासच्या आसपास बिबटे आहेत आणि त्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असा अंदाज केला की यामुळे वर्षाला सुमारे हजार श्वानदंश टळतात आणि रेबीजचे ९० पर्यंत मृत्यू टळतात. हा गणिती अंदाज आहे, रुग्णालयातली मोजणी नाही, म्हणून तो सावधपणे वापरावा. भीती खोटी नाही. आरेच्या पाड्यांवर मुलांवर हल्ले झाले आहेत. कचरा उघड्यावर नसणं, संडास घरात असणं आणि रस्त्यावर दिवा असणं या तीन गोष्टींनी हल्ले कमी होतात. तिन्ही कामं वनखात्याची नाहीत, महापालिकेची आहेत.

१४. संरक्षित क्षेत्र जाहीर न करताही जंगल राखून कमाई होते का?

होते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ साली ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने बांबू विकायला घेतला, पण तेंदूपत्ता स्वतःहून बंद केला, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि आग लावली जाते. हातचं उत्पन्न सोडून देणारी ग्रामसभा पाहिली की, गावकऱ्यांना जंगलाची पर्वा नसते असं म्हणणाऱ्यांना काय सांगावं सुचत नाही.

भिगवणची गोष्ट निराळी. उजनीच्या फुगवट्याच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात, आणि कुंभारगावचे मच्छीमार हिवाळ्यात पर्यटकांना होडीतून ते दाखवतात. अभयारण्य नाही, फाटक नाही. नियमही नाहीत, त्यामुळे फोटोसाठी होडी थव्यात घुसवणाऱ्याला रोखणारंही कुणी नाही.

१५. शहरातल्या साध्या बागेचाही असाच हिशेब मांडतात का?

मांडता येतो, पण तिथे पाणी-कार्बनपेक्षा माणसांचा वाटा मोठा. धारावीला लागून मिठीच्या काठावर असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे ३७ एकरांचं हिरवं ठिकाण पूर्वी कचराभूमी होतं. १९९४ साली ते लोकांसाठी खुलं झालं. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलांना अभ्यासाला, खेळायला सावलीची जागा मिळणं याला कोटींचा आकडा लावायची गरज आम्हाला वाटत नाही.

१६. पावसाळ्यात जंगल बंद असतं, मग गाईडचं पोट कसं चालतं?

ताडोबाचं कोअर साधारण १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. बफरमधली फाटकं सुरू राहतात, पण गर्दी कमी. बहुतेकांची धानाची शेती असते, रोवणी याच दिवसांत येते. ज्यांना शेती नाही त्यांची ओढाताण होते.

१७. आम्ही एकदाच ताडोबाला जाणार आहोत. आमचे पैसे गावात राहावेत म्हणून काय करावं?

सफारीचं आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः करा. मधला माणूस घेतला की त्याचं कमिशन आलंच. दोन सफारींपैकी एक तरी बफरच्या फाटकातून घ्या, उदाहरणार्थ आगरझरी किंवा जुनोना. मुक्काम गावातल्या होमस्टेमध्ये करा. वाघ दिसला नाही तरी गाईडला बक्षिसी द्या, आणि ‘वाघ दाखव, जास्त देतो’ असं मात्र म्हणू नका, त्यापायी जिप्सी प्राण्याच्या अंगावर नेली जाते. मंगळवारी सफारी बंद असते, तो दिवस प्रवासात घाला.